रबरी हातमोज्याचा आजार

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा उरली नव्हती, तरी दाराशी माणसं येतच होती. कुणी काठी टेकत, कुणी कडेवरचं मूल सावरत, कुणी नुसतंच 'काय आहे बघू तरी' म्हणत. पुढे व्यासपीठ, त्यावर पांढऱ्या कापडानं झाकलेलं टेबल, टेबलावर काचेचं भांडं आणि भांड्यात पाणी. साधं, आरपार दिसणारं पाणी. माइकवरून आवाज येत होता, तोही पाण्यासारखाच थंड आणि गुळगुळीत.

"जीभ खोटं बोलते. कागद खोटं बोलतो. मशीन तर काय, विकणाऱ्याच्याच बाजूनं बोलणार! पाणी मात्र कधी खोटं बोलत नाही. तुमच्या अंगात बहुतेक पाणीच आहे ना? मग अंगातलं दुखणं पाण्यालाच आधी कळणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

बोलणारे होते जलयोगी. ही पदवी त्यांना कुणी दिली ते कुणाला ठाऊक नव्हतं. बहुधा आरशात बघून त्यांनी स्वतःच स्वतःला दिली असावी. दाढी नाही, जटा नाहीत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस, मनगटावर भारी घड्याळ. बोलण्यात 'ऊर्जा', 'कंपनं', 'रेणूंची स्मृती' असले शब्द मुठीमुठीनं पेरलेले. अर्थ विचारायची कुणाची टाप नव्हती, कारण शेजारच्याला तो कळला आहे अशी प्रत्येकाची समजूत होती.

एक निवृत्त पोस्टमन पुढे आला. जलयोगींच्या मदतनीस बाईंनी, ज्यांना सगळे 'ताई' म्हणत होते, हळुवार हातांनी त्याचे तळवे ओल्या टॉवेलनं पुसले. "बाहेरची धूळ नको हं, आतलाच दोष दिसू दे." पोस्टमननं हात भांड्यात बुडवले आणि पाणी बघता बघता गडद गुलाबी झालं. हॉलभर एकच 'आ' निघाला. जलयोगींनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि दुसऱ्या सुरईतलं 'सिद्धजल' त्यात ओतलं. रंग विरला. पाणी पुन्हा होतं तसं!

"गेला," जलयोगी म्हणाले. "दोष गेला."

तिसऱ्या रांगेत थोरली आई आणि भावाबरोबर बसली होती. घरात भावंडं दोनच, त्यामुळे त्यांना नावानं हाक मारायची कुणाला गरजच पडत नसे. ती थोरली, तो धाकटा. थोरली शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, मंगळवारी तिचा रसायनशास्त्राचा शेवटचा पेपर होता, आणि ती इथे यायला मुळीच तयार नव्हती. पण वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आईचं डोकं खाल्लं होतं, आणि आईनं थोरलीचं.

धाकट्याला मधुमेह होता. लहान मुलांना होतो तो. त्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. जेवायच्या आधी सुई, झोपायच्या आधी सुई, मधूनमधून बोट टोचून मशीनवर साखर बघायची. आई शिवणकाम करायची. दिवसभर तिच्या हातात सुई असे आणि टाका कधी वाकडा जात नसे. पण धाकट्याच्या दंडाशी सुई नेताना तिचा हात थरथरायचा. बाबा मालवाहू जहाजावर, बोट बंदराला लागली तरच त्यांचा फोन. सगळं आईच्याच गळ्यात.

दारातच ताईंनी आईची विचारपूस केली होती. "कुणाला त्रास आहे? या छोट्याला? अगं बाई! आणि ही थोरली, ती ठणठणीत ना?" आईनं भडाभडा सगळं सांगितलं होतं.

धाकट्याचा नंबर आला. प्रत्येकाला नवं भांडं, पहिल्या सुरईतलं नवं पाणी. जलयोगी स्वच्छतेच्या बाबतीत फार काटेकोर! टॉवेलनं तळवे पुसले, हात बुडवले, आणि पाणी असं गुलाबी झालं की आईनं तोंडावर हात ठेवला. सिद्धजल पडलं, रंग गेला. आई रडायलाच लागली.

मग जलयोगींची नजर थोरलीवर पडली. "ये बाळ. तू मनातल्या मनात हसतेयस ना? ये, तूच बघ."

थोरली गेली. ताईंनी तिचेही हात पुसले. तिनं ते बुडवले. पाणी तसंच राहिलं, स्वच्छ.

"निरोगी!" जलयोगी म्हणाले. थोरलीनं ओले हात उलटेसुलटे करून बघितले. दुसऱ्याचं सांगितलेलं वेगळं, पण इथे तिचे स्वतःचे हात होते. आजारी भावाचं पाणी रंगलं, तिचं नाही. आता याला काय म्हणायचं?

निघताना जलयोगींनी आईला बाजूला घेतलं. "सुई बंद. मशीन बंद. एकदा जरी तपासून बघितलंत, तर तुमची शंका पाण्यात उतरेल आणि कंपनं मोडतील. मग माझ्याकडे येऊन रडू नका."

घरी जाताना धाकटा उड्या मारत होता. मध्येच थांबून त्यानं थोरलीसमोर हात नाचवले. "अगं, बघ ना, साबण लावून पाण्यानं धुतलेच नाहीत असं वाटतंय. नुसते गुळगुळीत!"

"घरी जाऊन धू," थोरली म्हणाली. तिच्या डोक्यात संयुजा आणि समीकरणं घोळत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, घरात सण असल्यासारखं वातावरण होतं. सुई नाही, बोट टोचणं नाही. आई मशीनवर शिवताना कितीतरी महिन्यांनी गुणगुणत होती. थोरली पुस्तक उघडून बसली होती. पण धाकटा पाण्याच्या माठाकडे जातोय, पुन्हा जातोय, आणि मग मोरीकडे धावतोय, हे डोळ्यांना दिसतच होतं.

"आई, डॉक्टरांना एक फोन करूया का?"

"झालं! घातलीस शंका?" आई एकदम फिरली. "तुझ्या हातांनी बघितलंस ना तू? तुझा पेपर आहे, तो बघ."

थोरलीनं पुस्तकात डोकं घातलं. बघितलं तर होतंच.

सोमवारी सकाळी धाकट्याचं पोट दुखत होतं. ओठ कोरडे पडले होते. आई म्हणाली, "ऊन लागलं असेल, आज घरीच राहू दे." थोरली शाळेत गेली, कारण रसायनाच्या बाईंनी पेपरआधीची शेवटची उजळणी ठेवली होती, आणि समीकरणं संतुलित करताना तिचं हमखास चुकायचं.

प्रयोगशाळेत बाई हातात रबरी मोजे चढवून उभ्या होत्या. बाईंची उजळणी म्हणजे प्रश्नांचा नुसता मारा. ऑक्सिजनची संयुजा? दोन! डावीकडे हायड्रोजन चार, उजवीकडे दोन. कुणी गिळले बाकीचे? हशा पिकायचा. अणू नाहीसे होत नाहीत रे बाबांनो, ते फक्त जागा बदलतात, म्हणून दोन्ही बाजू मोजा. थोरली भराभर लिहीत होती, पण मन घरी होतं.

"आता आम्ल आणि आम्लारी," बाई म्हणाल्या. "आम्ल चवीला आंबट, आम्लारी तुरट-कडू. पण प्रयोगशाळेत चाखून बघणारा शहाणा मला नको. मग ओळखायचं कसं? दर्शकानं. लिटमस तुम्हाला पाठ आहे. हा दुसरा, फिनॉल्फ्थॅलिन." बाईंनी काचेच्या चंचुपात्रातल्या पाण्यात बाटलीतले थेंब टाकले. काहीच झालं नाही. "पाण्यात याला रंग नाही, आम्लात रंग नाही. आणि हा धुण्याचा सोडा. आम्लारीधर्मी. आम्लारी आणखी कशी ओळखतात? बोटांना लागली तर?"

"गुळगुळीत लागते," मागून कुणीतरी म्हणालं. "साबणासारखी."

बाईंनी सोड्याचं पाणी चंचुपात्रात सोडलं. पाणी गडद गुलाबी झालं.

तोच रंग!

थोरली उठून उभी राहिली. आपण उभ्या आहोत हे तिला बाकीच्यांनी वळून बघितल्यावर कळलं.

"बाई, हा रंग... हा परत घालवता येतो?"

"तेच तर पुढे सांगणार होते. वर आम्ल घातलं की उदासिनीकरण होतं. लिंबातलं आम्ल चालेल, वासही येत नाही." बाईंनी थोडं आम्ल ओतलं. रंग विरला. पाणी पुन्हा होतं तसं.

"आणि बाई, टॉवेलला सोडा लावला असेल तर? त्यानं हात पुसले आणि मग ते हात या पाण्यात घातले तर?"

वर्गात कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी थोरलीचा चेहरा बघितला, मोजे काढून ठेवले आणि तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. थोरलीनं अडखळत सगळं सांगितलं. तो हॉल, पाणी, टॉवेल, धाकट्याचे गुळगुळीत हात. बाईंनी युक्तीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

"शनिवारपासून."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "चल. आत्ताच्या आत्ता."

बाईंनी प्रयोगशाळेतून पर्स घेतली, थेंबांची बाटली तीत टाकली. निघता निघता थोरलीनं टेबलावरच्या खोक्यातून रबरी मोज्यांची नवी जोडी उचलली आणि दप्तराच्या खणात कोंबली. का उचलली, ते तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मनात काहीतरी जुळत होतं.

आईचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. बाईंच्या स्कूटरवरून दोघी घरी पोहोचल्या, तर दाराला कुलूप. समोरच्या दुकानदारानं सांगितलं, "पोराला उलट्या व्हायला लागल्या ना. काकूंनी दोघांना हॉलकडे नेलं. पाणी परत सिद्ध करून घ्यायला."

बाईंनी स्कूटर वळवली आणि गाडीवरूनच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. "लहान मुलगा, टाइप वन मधुमेह, इन्सुलिन बंद, उलट्या. हो, बसस्थानकामागचा हॉल. लवकर या हो!"

हॉल शनिवारइतकाच भरला होता. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या जोडून त्यांवर धाकट्याला आडवा केला होता. डोळे अर्धवट मिटलेले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती; धावून आल्यासारखा खोल, जोरजोरात श्वास, आणि पोरगं तर जागचं हललंही नव्हतं. थोरलीनं वाकून त्याच्या तोंडाशी नाक नेलं. नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा गोडसर, उग्र वास आला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: हा वास आला, तर विचार करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

"आई, चल. ऊठ. दवाखान्यात."

"रोग बाहेर पडतोय," आई म्हणाली. तिचा आवाज कुणा दुसऱ्याचाच असावा तसा येत होता. "ते म्हणाले, बाहेर पडताना असंच होतं."

"आई, त्याला इन्सुलिन नाही मिळालेलं! ते पाणी म्हणजे नुसतं रसायन आहे. टॉवेलला सोडा लावतात!"

आईनं तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत थोरलीला राग दिसला नाही, भीती दिसली. ही पोरगी म्हणते ते खरं असेल, तर सुई मी बंद केली. माझ्या हातांनी. हे कबूल करण्यापेक्षा चमत्कार खरा मानणं तिला सोपं जात होतं.

"मुलीची परीक्षा आहे ना उद्या?" माइकवरून जलयोगींचा आवाज आला. "ताण येतो हो. जे वाचलं तेच सगळीकडे दिसायला लागतं." हॉलमध्ये हशा पिकला. "काळजी करू नकोस बाळ. ताई, छोट्याचे हात पुसा."

टेबलावर नवं भांडं भरून ठेवलेलं होतं. ताई टॉवेल घेऊन पुढे झाल्या. त्यांच्या हातातल्या टॉवेलला निळा काठ होता. थोरलीला आता आठवलं, शनिवारी तिचे हात पुसले तो टॉवेल नुसता पांढरा होता.

"थांबा!" तिनं आपल्या बाटलीतलं पाणी धाकट्याच्या तळव्यांवर ओतलं, हात खळखळून धुतले, स्वतःच्या रुमालानं कोरडे केले. मग त्याला अर्धवट उचलून टेबलाशी नेलं आणि त्याची बोटं भांड्यात बुडवली. "बघा सगळ्यांनी! हा इतका आजारी आहे, तरी पाणी रंगत नाही. कारण मी टॉवेल वापरलाच नाही!"

पाणी स्वच्छ राहिलं.

आणि जलयोगींनी दोन्ही हात वर केले. "पाहिलंत? पाहिलंत! पाणी निर्मळ! बहिणीच्याच हातून सिद्ध झालं. मुलगा बरा झाला!"

हॉल टाळ्यांनी दुमदुमला. काकूंनी डोळे पुसले. आईचा चेहरा उजळला. आपण जलयोगींच्याच हातात कोलीत दिलं! धाकट्याचं डोकं तिच्या खांद्यावर लुढकलं होतं. बाई गर्दीतून वाट काढत पुढे येत होत्या.

थोरलीनं भावाला बाईंच्या हवाली केलं आणि दप्तराच्या खणातून मोजे काढले. एका मोज्यात फुंकर मारून तिनं तो फुगवला, मनगटाशी गाठ मारली. पाच बोटांचा जाडजूड रबरी हात झाला. ताईंना काही कळायच्या आत तिनं त्यांच्या हातातला निळ्या काठाचा टॉवेल ओढला, त्यानं तो रबरी हात पुढून-मागून पुसला आणि भांड्यात खुपसला.

पाणी गुलाबी झालं.

टाळ्या थांबल्या. मागच्या रांगांतली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली.

"हा कुणाचा हात आहे?" थोरलीचा आवाज चिरकत होता. "रबराचा आहे! याला कसला आजार आहे, सांगा ना!"

"हिच्या मनातलं विष आहे ते!" जलयोगी कडाडले. लोण्यासारखा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "शंकेखोर हात लागला की पाणी बिघडतं. उचला ते भांडं!"

"भांडं तिथेच राहू द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी एका हातानं धाकट्याला धरलं होतं, दुसऱ्यानं टेबलाची कड.

तेव्हा आई उठली.

ती टेबलाशी आली. उरलेला मोजा तिनं थोरलीच्या हातातून घेतला. मग टॉवेल घेतला आणि तो अंगठा आणि बोटांमध्ये चोळून बघितला. आयुष्यभर कापड हाताळलेली बोटं ती. तिनं पुन्हा चोळलं.

"याला काहीतरी लावलंय," ती म्हणाली. "हे नुसतं पाणी नाही."

"अहो बाई, तुमची श्रद्धा..."

"माझी श्रद्धा होती ना? मग माझ्या हातून तरी बिघडायला नको."

पहिल्या रांगेतला तो निवृत्त पोस्टमन उठला, त्यानं आपण होऊन कोरडं भांडं पुढे सरकवलं आणि भांडी भरायच्या पहिल्या सुरईतलं पाणी त्यात ओतलं. आईनं मोजा पुसला आणि बुडवला. बुडवताना तिचे ओठ हलत होते. 'नको होऊ, नको होऊ,' असं ती म्हणत होती हे फक्त थोरलीला ऐकू आलं.

झालं. गडद, सुरेख गुलाबी.

आईनं मोजा तिथेच टाकला, वळून धाकट्याला उचललं आणि दाराकडे निघाली. गर्दी दुभंगली. बाहेर ॲम्ब्युलन्सचा आवाज जवळ येत होता.

थोरलीनं मागे वळून एकदाच बघितलं. बाई माइकपाशी उभ्या होत्या, त्यांनी पर्समधून थेंबांची बाटली काढली होती, आणि लोक पुढे सरकत होते. ताई निळ्या काठाच्या टॉवेलांचा गठ्ठा पदराआड लपवत होत्या. जलयोगींची खुर्ची रिकामी होती.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर भेटले. ते ओरडले नाहीत, त्यामुळे आईला जास्तच लागलं. "इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही," ते म्हणाले. "मग ते चरबी जाळायला लागतं आणि त्यातून आम्लं तयार होतात. रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं. पीएच बराच उतरलाय. तो जोरात श्वास घेतोय ना, ते शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्ल कमी करायची धडपड करतंय."

पीएच. थोरलीनं हा शब्द सकाळीच वहीत लिहिला होता, चौकट करून. उद्या दोन गुणांना येईल म्हणून पाठ केला होता. तिचा भाऊ तिकडे भिंतीपलीकडे त्याच दोन गुणांच्या शब्दाशी झुंजत होता. खरं आम्ल त्याच्या रक्तात साठत होतं तेव्हा ते कुणालाच दिसलं नाही. सगळा हॉल भांड्यातल्या रंगाकडे बघत बसला होता.

"वाचेल ना?" आईनं विचारलं.

"उपचार सुरू केलेत. उद्यापर्यंत मी काहीच शब्द देणार नाही."

सकाळी आईनंच थोरलीला उठवलं. बाकावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. "जा. पेपर दे."

"मी नाही जात."

"इथे बसून तू काय करणार? मी आहे. जा म्हणते ना!"

ती गेली. प्रश्नपत्रिकेतली अक्षरं कधी दिसत होती, कधी नाही. एक समीकरण तिला काही केल्या जुळेना. उजवीकडे एक ऑक्सिजन जास्तच उरायचा. शेवटी तिनं ते तसंच सोडलं. पीएच मात्र लिहिला, आणि लिहिताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

फाटकाशी बाई उभ्या होत्या. थोरलीला लांबूनच त्यांचा चेहरा वाचायचा होता, पण डोळ्यांत पाणी आलं आणि चेहराच दिसेना.

"शुद्धीवर आलाय," बाई म्हणाल्या. "सलाइनची नळी ओढतोय म्हणून नर्सची बोलणीही खाल्लीत त्यानं."

थोरली तिथेच फूटपाथवर बसली आणि हमसून हमसून रडली. बाई शेजारी बसल्या. प्रश्नपत्रिका मागितली नाही, काही नाही.

जलयोगी त्या रात्रीच गाव सोडून गेले होते. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली, सुरया आणि टॉवेल ताब्यात घेतले. ताईंनी पोलिसांना सगळं सांगितलं. दारात गोड बोलून आजारी कोण, निरोगी कोण ते काढून घ्यायचं. आजाऱ्याला निळ्या काठाचा, धुण्याच्या सोड्यात भिजवलेला टॉवेल, निरोग्याला साधा. भांड्यातल्या पाण्यात आधीच फिनॉल्फ्थॅलिन. सिद्धजल म्हणजे लिंबातल्या आम्लाचं पाणी. बस्स, एवढाच चमत्कार. शाळेच्या उजळणीत बाईंनी तो सगळ्या वर्गासमोर करून दाखवला होता, आणि वर्गातलं कुणीही भारावून रडलं नव्हतं.

पण औषधं बंद केलेली माणसं गावभर विखुरली होती. म्हणून पुढच्या शनिवारी बाईंनी तोच हॉल मागून घेतला. तेच टेबल, तसंच भांडं. एका बाजूला डॉक्टर रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन बसले. बाईंनी सगळं फोड करून दाखवलं. मग त्या बाजूला झाल्या, कारण आई म्हणाली होती, मला बोलायचंय.

आईला बोलायची सवय नव्हती. ती टेबलाची कड धरून उभी राहिली.

"मी अडाणी नाही," ती म्हणाली. "मला वाचता येतं, हिशेब येतो. तरी फसले. कारण मी थकले होते आणि मला ते खरं असायला हवं होतं. तुमच्यापैकी कितीजण तसेच आले असतील, मला माहीत आहे. लाज वाटत असेल. मलाही वाटते. पण लाजेपोटी घरी बसू नका. माझं पोर लाजेपायी गेलं असतं."

मागच्या बाजूनं एक टॅक्सीवाला उठला. चांगला दणकट गडी, आवाजही तसाच. "ते सगळं ठीक आहे हो. पण मी रक्तदाबाची गोळी सोडली, आणि मला खरंच बरं वाटतंय. हलकं वाटतंय. ते काय खोटं आहे?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. थोरलीनं आईकडे बघितलं.

"खोटं कशाला असेल?" आई म्हणाली. "माझा धाकटाही रविवारी उड्या मारत होता. भाऊ, बरं वाटतंय की बरं झालंय, हे आपल्या मनाला कळत नाही. ते मोजावं लागतं. जो माणूस तुम्हाला मोजू नका म्हणतो, विचारू नका म्हणतो, त्याच्यापासून आधी लांब व्हा, मग तो कितीही गोड बोलो. पाण्याचा रंग बदलला, तर कशानं बदलला ते विचारा. एकाचा बदलला, दुसऱ्याचा नाही, तर दोघांच्यात काय वेगळं केलं ते बघा. स्वतः करून बघा. उत्तर मिळेपर्यंत गोळी सोडू नका. मला एवढंच सांगायचं होतं."

रांगेतून वाट काढत टॅक्सीवाला डॉक्टरांच्या टेबलाशी आला, खुर्चीत बसला आणि त्यानं शर्टाची बाही वर केली.

डॉक्टरांनी पट्टा आवळला, आकडा बघितला, आणि यंत्र फिरवून त्याच्या तोंडासमोर धरलं.

वरचा दाब एकशे नव्वद. तो आकडा त्यानं स्वतःच मोठ्यानं वाचला. त्याच्या मागे रांग लागायला लागली.